मौनाचा तिसरा दिवस

२६ ऑक्टोबर २००१, दसरा

आजपासून गाणं. सिरियसली.

ही वही शाळेच्या स्टोअरमधली. हजेरीपुस्तक व्हायची होती, कोपरे उंदराने खाल्ले म्हणून बाद झाली. हिच्यात फक्त गाण्याची प्रगती लिहायची. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की गेल्या एप्रिलात, मळ्यातल्या मारुतीच्या सप्ताहात, शेवटच्या पहाटे काकड्याला मी माइक हातात घेतला. त्या पहाटेचा पहिला अभंग म्हणण्याचा मान वर्षानुवर्षं शेजारच्या चांगदेवकडे आहे. बैल हाकायच्या गळ्याने देवाला किती दिवस उठवायचं, असा माझा विचार होता. विचार बरोबर होता. वरच्या सुराला आवाज फुटला. फुटला म्हणजे त्याचे दोन झाले, एक इकडे गेला, एक तिकडे. बायकांनी पदर तोंडात कोंबले. वेद बोललेल्या रेड्याची समाधी आमच्या आळे गावात. चांगदेवने माइकवरच सांगितलं की अण्णा, बसा खाली, तो रेडा निवांत झोपलाय, त्याला उठवू नका.

सहा महिने झाले. शाळेचा शिपाई अजून मला बघितलं की गालातल्या गालात हसतो. मी वरिष्ठ लिपिक आहे.

पुढच्या सप्ताहात शेवटच्या पहाटेचा पहिला अभंग मी म्हणणार. एकही पदर तोंडात जाणार नाही. एवढंच मागणं आहे.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन जानकूबुवांकडे गेलो. बुवा मूळचे डिंभ्याच्या वरच्या डोंगरातले, आता आळेफाट्याला लेकीकडे असतात. भजनात साठ वर्षं गेली. दात चार उरलेत, सूर सगळे शाबूत. मला ‘किलारक’ म्हणतात. म्हणाले, किलारक, सा लाव. लावला. ते बराच वेळ रस्त्यावरच्या ट्रककडे बघत राहिले. मग म्हणाले, दिवाळीपर्यंत हाच. दुसरा सूर तोंडातून काढायचा न्हाई.

आवाज ऐकून भारावले असावेत.

२७ ऑक्टोबर, पहाटे ४.३५

उठलो. हीच मोठी गोष्ट.

सा: ७ सेकंद. घड्याळ लावून. आठवा सेकंद खोकल्यात गेला, तो धरलेला नाही.

४.५० ला परत झोपलो. पहिल्या दिवशी गळ्याला ताण नको.

२ नोव्हेंबर

सा: ९ सेकंद.

सौ.चं म्हणणं, माझं सुरू झाल्यापासून म्हैस अर्धा लिटर कमी देते. बाईला संगीताचा कान नाही. म्हशीला असावा, निदान तिने मत तरी दिलं. भांडण नको म्हणून मीच मोठेपणाने बांधावरच्या पंपाच्या खोलीत बसायचं ठरवलं. (सौ.ने सतरंजी आधीच तिकडे नेऊन टाकली होती.)

जागा नामी आहे. तीन बाजूंनी ऊस: आमचा, चांगदेवचा, आणि साळुबाईची एक पट्टी. उसात आवाज मुरतो. मोठमोठ्या गवयांना असा हॉल मिळत नाही.

१७ नोव्हेंबर

दिवाळी संपली. सा ११ सेकंद. बुवांना म्हटलं, आता रे द्या. बुवांनी तंबाखू मळली आणि खालचा सा दिला, खरजातला. बोअरच्या पाइपातून पाणी येण्याआधी येतो तसला आवाज. वर चढायला समदेच बघत्यात, म्हणाले, खाली उतरून दाखव.

जुनी शिक्षणपद्धत. वेळखाऊ. मी घरी स्वतःच्या जबाबदारीवर ताना सुरू केल्यात, बुवांना सांगितलेलं नाही. तिसऱ्या तानेला उसातून कोल्हं पळालं. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा जड जातंच.

२ डिसेंबर

पहिला श्रोता!

साळुबाई. बांधापलीकडे एकटी राहते. मुलगा भोसरीला कंपनीत. एक शेळी, तिच्यावर हिचं वर्षाचं तेल-मीठ. राहतं घर बांधाला लागून आणि गोठा मागे उसाच्या कडेला, शंभर पावलांवर. चार दिवस बघतोय, मी सा लावला की ही घराबाहेर पडते, गोठ्यात जाते, शेण काढते, शेळीशी बोलते. मी थांबलो की लगबगीने घरात. एवढी लयीची जाण अशिक्षित बाईला कुठून आली असेल.

आज खोलीच्या दाराशी आल्याचा तुकडा आणि गूळ ठेवून गेली. घसा जपा अण्णा, म्हणाली, आमाला लई आधार हाय.

आधार. रसिक मनाचाच हा शब्द. चांगदेव ऐक.

१० डिसेंबर

चांगदेवच्या विहिरीवर बिबट्याचे पाय उमटले म्हणे. गावात दुसरा विषय नाही. मी बुवांनी शिकवलेल्या खरजाबद्दल सांगायला लागलो तर लोक पायाच्या मापाबद्दल बोलतात. वनखात्याने शाळेत पत्रक पाठवलं, पालकांना वाटायला. मीच सायक्लोस्टाइलवर दोनशे प्रती काढल्या. पहाटे एकट्याने बाहेर पडू नये, पडल्यास मोठ्याने बोलावे, गाणी म्हणावीत, वगैरे. शाई अगदीच भिकार. हात अजून काळे आहेत.

सा: १३ सेकंद.

२३ डिसेंबर, रविवार

श्रोते आता सहा! साळुबाई, चांगदेवची सून, तिच्या दोन जावा, दूध घालायला जाणारे दोघे. सगळे माझ्या टायमिंगवर निघतात. दूधवाले तर सायकल हातात धरून, मी सुरू होईपर्यंत बांधावर थांबलेले असतात.

आज रविवार म्हणून उठलो नाही. पाच वाजता चांगदेव स्वतः दारात. रेड्यावाला चांगदेव. अगदी नरमाईने सौ.ला विचारत होता, आज अण्णांचं गाणं न्हाई का, बायका खोळंबल्यात. मी अंथरुणात ऐकलं. डोळे भरून आले. तसाच उठलो आणि वीस मिनिटं गायलो. न मागता रेड्याचा हिशेब मिटला.

फर्माइशीही येतात. साळुबाई म्हणते, जरा उसाकडं तोंड करून गावा. दूधवाले म्हणतात, बारीक नको, मोठ्यानं. मोठ्या आवाजाचीही एक रसिकता असते.

सौ. ऐकत होती. म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का हो? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही. जळते.

१४ जानेवारी २००२, संक्रांत

बुवांनी आज रे दिला. मग ग. सारेग, रेगम, गमप, असा जिना चढायचा आणि तसाच उतरायचा. चढताना मी बरा आहे. उतरताना पायरी चुकते. बुवा म्हणाले, चढतानाच चुकलेला असतो, उतरताना आपटल्यावर कळतं.

पडसं. दोन दिवस सुट्टी घेतली. दोन्ही दिवशी साळुबाई काढा घेऊन आली. तुळस, गवती चहा, मिरी. माझ्या आईने एवढं केलं नव्हतं.

सा: १६ सेकंद. (पडशाआधीचा.)

१८ फेब्रुवारी

ऊस तुटला. आमचा, चांगदेवचा, साळुबाईची पट्टीसुद्धा. मळा भादरल्यासारखा दिसतो. आवाज आता फार लांब जातो, अडवायला काही नाही. लोक वेगळ्याच काळजीत. म्हणे उसातला बिबट्या आता उघडा पडला, तो वस्तीकडे सरकणार. मी माझ्या आवाजाचं बोलतो, हे त्यांच्या बिबट्याचं. कलावंताची ही नेहमीची तक्रार असते.

साळुबाईची शेळी गाभण आहे. एप्रिलअखेर व्यायची. दोन करडं असतील असं तिचं म्हणणं, पोटावर हात ठेवून सांगते. एक विकून घरावर पत्रा टाकणार, एक ठेवणार. मी गात असताना ती हे सगळं शेळीला सांगते. माझ्या आलापाच्या पार्श्वभूमीवर. मी चालवून घेतो.

१३ एप्रिल, पाडवा

मिळाला!

सप्ताहाची मीटिंग मारुतीच्या पारावर. मी बोलायची तयारी करून गेलो होतो, मुद्दे कागदावर. कागद खिशातून निघायच्या आत चांगदेव उभा राहिला. म्हणाला, शेवटच्या पहाटंचा पहिला अभंग औंदा अण्णा म्हणतील. सहा महिने झालं, थंडी न्हाई बघितली का वारा न्हाई बघितला, मळ्यासाठी पहाटं उठतो माणूस. मान त्यांचाच हाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनीसुद्धा. पदर जागच्या जागी होते.

‘मळ्यासाठी’ हे त्याने उगीच जोडलं. कलेसाठी म्हणायचं असणार, शब्द सापडला नसेल.

बुवांना सांगितलं. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, सा लाव. १९ सेकंद. त्यांनी डोळे मिटले होते. झोपले नव्हते, मी बघितलं.

२० एप्रिल

सप्ताह बसला. काकडा, पारायण, कीर्तन. मांडववाला गोकुळ, त्याचाच स्पीकर (पहाटे तो फक्त शेवटच्या दिवशी), त्याचाच टेप. सगळं भरून ठेवतो आणि कॅसेट विकतो. शेवटच्या पहाटेला नवी कोरी कॅसेट घाल असं त्याला सांगून ठेवलं.

२१ एप्रिल

एका जुन्या दिवाळी अंकात मोठ्या गवयाची मुलाखत सापडली. कार्यक्रमाआधी पाच दिवस तो बोलतसुद्धा नाही. संपूर्ण मौन. आवाज असा साठवायचा, धरणात पाणी साठवतात तसा, आणि एकदम दरवाजे उघडायचे. हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. बुवांना विचारायला गेलो नाही, त्यांच्या काळी मौन नव्हतं.

उद्यापासून शेवटच्या पहाटेपर्यंत मौन. पहाटेची प्रॅक्टिसही बंद. श्रोत्यांना चार-पाच दिवस कळ काढावी लागेल. सत्तावीसला सगळं वसूल होईल.

२२ एप्रिल. मौन, दिवस पहिला

शाळेत पाटी घेऊन गेलो. मुख्याध्यापकांनी पगारपत्रकाबद्दल विचारलं, मी लिहून दाखवलं. त्यांनीही उत्तर लिहूनच दिलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, ते स्वतः बोलू शकतात.

घरात कमालीची शांतता. सौ. गुणगुणत होती. इतकी खूश मी तिला लग्नातसुद्धा बघितलेली नाही.

पहाटे गेलो नाही. मळ्यात कोणाला कळवायचं राहिलं. मौन असल्याने सांगता आलं नाही.

२३ एप्रिल. मौन, दिवस दुसरा

घसा रेशमासारखा. सौ. म्हणते, आज साळुबाई उजाडेपर्यंत दारातच बसून होती. दूध घालायलाही उशीर झाला म्हणे दोघांना. मी पाटीवर लिहिलं: चारच दिवस. सौ.ने वाचलं, पाटी पुसली आणि चुलीकडे गेली.

२४ एप्रिल. मौन, दिवस तिसरा

पहाटे वाफारा घेतला. निलगिरी, दोन थेंब.

साळुबाईची शेळी बिबट्याने नेली. फार वाईट झालं. साळुबाई पडली, मनगटाला लागलं, तसं गंभीर नाही. पंचनामा झाला. जुन्नरहून पिंजरा येणार.

घसा उत्तम.

२४ एप्रिल, संध्याकाळी ७

पंचनाम्याचं सविस्तर लिहून ठेवतो. पुढे-मागे लागेल.

शेळीच्या पोटात दुखायला लागलं होतं. ओरडत होती. म्हणून साळुबाई अंधारात गोठ्याकडे निघाली. बिबट्या गोठ्याच्या मागेच बसला होता. तिच्या डोळ्यांदेखत कूड फाडून शेळी ओढली. ही दाव्याला धरून होती, दावं तुटलं तेव्हा पडली.

वनरक्षक पोरगेलाच होता, मांडीवर फाइल घेऊन लिहीत होता. पत्रकं वाटलीत तरी अंधारात एकटी का निघालीस आजी, असं त्याने विचारलं. साळुबाई म्हणाली, एकटी कधीच जात न्हाई मी. सा महिनं झालं, अण्णा पंपावर गात असत्यात, त्या भरवशावर जातो आमी समदे. आवाज असला की ते जनावर लांब ऱ्हातं. वनरक्षकाने मान डोलावली. बरोबर आहे म्हणाला, माणसाचा आवाज आला की तो बाजूला सरतो. गाणं असो, भांडण असो. त्याला फरक पडत नाही.

गाणं असो, भांडण असो. हे त्याने पंचनाम्यात लिहिलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

मग साळुबाई म्हणाली, आज आवाज नव्हता. बांधावरनं दोनदा हाक मारली अण्णांना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाटी बगलेत होती. चांगदेवने विचारलं, अण्णा, ऐकली न्हाई का हाक?

मी मौन सोडलं. प्रसंगच तसा होता. “गाढ झोप लागली होती,” म्हणालो.

तीन दिवसांनी बोललो. आवाज इतका स्वच्छ लागला की माझं मलाच नवल वाटलं. घोगरेपणा नाही, कंप नाही. अगदी सुरात.

२५ एप्रिल

सा लावला नाही. मौनही नाही. दोन्ही नाही.

सहा महिन्यांचा हिशोब मागे जाऊन वाचला. उसाकडं तोंड करून गावा. मोठ्यानं. आधार. मळ्यासाठी. आणि दहा डिसेंबरची ती दोनशे पत्रकं. माझ्याच हाताने काढली होती. शाई भिकार होती असं लिहिलंय. शाई वाचण्याइतकी बरी होती.

सौ.ला म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, मळ्यातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही गायचं बंद केलं असतं.

बरोबर आहे तिचं. अपमान झाला म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद केलं असतं.

२५ एप्रिल, रात्री ९

काल लिहिलं त्यात एक गोष्ट राहिली.

मी झोपलो नव्हतो. वाफारा घेत होतो. डोक्यावरून टॉवेल, खाली पातेलं. पहिली हाक आली तेव्हा वाटलं, दुसरीकडची असेल. पण हाकेत माझं नाव होतं. दुसरी आली. अण्णा, जागं हाय का, जरा गावा की, शेळी अडलीय. शब्द नि शब्द ऐकू आला. माझा कान तयार आहे, बुवासुद्धा म्हणतात.

मी टॉवेलखाली होतो. मनात म्हटलं, आता ओ दिली तर तीन दिवस फुकट. घसा उघडायचा तो सत्तावीसलाच. पाच मिनिटांनी उजाडेल, जाईल म्हातारी.

उजाडायला तासभर होता. घड्याळ समोर होतं. सेकंद मोजायची सवय आहे मला.

गाढ झोप. असं म्हटलं मी, पंचनाम्यात लिहिलं गेलं. खाली साक्षीदार म्हणून माझीच सही आहे, इंग्रजीत.

२६ एप्रिल

बुवांकडे गेलो. सगळं सांगितलं. टॉवेलसकट. एवढं कोणाला सांगितलेलं नाही.

बुवा तंबाखू मळत होते, मळायचे थांबले. मौन कुणी सांगितलं, विचारलं. दिवाळी अंकात वाचलं म्हणालो.

“त्या अंकात म्हातारी हाक मारती तवा काय करायचं, ते व्हतं का?”

नव्हतं.

फाट्यावर हॉर्न वाजत होता. मी विचारलं, उद्याचा मान सोडू का? चांगदेवला देऊ? मला वाटलं होतं, ते नको म्हणतील, किंवा हो म्हणतील. ते म्हणाले, तुझं तू बघ किलारक. मी सुराचं सांगतो. बाकीचं मला इचारू नको.

रस्त्यात ठरवलं होतं, चांगदेवला सांगायचं. त्याच्या घराशी गाडी लावली. तो जेवत होता. जेवणाऱ्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणून आलो.

२७ एप्रिल, हनुमान जयंती

पहाटे ४.००. धुतलेलं धोतर, नवा फेटा. बॅटरी घेऊन देवळात.

देवळात चौघं. पुजारी, बुवा (नातवाच्या स्कूटरवरून आले होते), गोकुळ मांडववाला आणि टाळ धरायला त्याचा माणूस. पाच मिनिटं थांबलो. मळ्यातून कोणी आलं नाही. पिंजरा लागलाय, बिबट्या सापडलेला नाही, अंधारात देवळापर्यंत कोण येणार. पुजारी म्हणाला, वेळ झाली, देवाला तरी उठवा.

पदर तोंडात जाणार नाही, अशी इच्छा होती. गेला नाही. पदरच नव्हते.

सा लावला. स्पीकर चारही दिशांना. २२ सेकंद. आजवरचा सर्वांत लांब. अभंग म्हटला. वरच्या सुराला आवाज फुटला नाही. सहा महिन्यांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर मी पेढे वाटले असते.

बुवा उठताना म्हणाले, खरज बरा झालाय. बाकी काही नाही.

सकाळी काल्याला सगळा मळा आला. चांगदेवने पाठीवर थाप मारली. म्हणाला, लई काम झालं राव आज. स्पीकरवर तुमचा आवाज आला, समद्या मळ्यानं धारा काढून घेतल्या. पार कॅनॉलपर्यंत. रोज स्पीकर असता तर.

तो मनापासून म्हणाला. म्हणूनच पान तसंच ठेवून वाढायला उठलो.

साळुबाई मनगटाला फडकं बांधून बायकांच्या पंगतीत बसली होती. मी वाढायला त्या पंगतीत गेलो नाही. दुसरीकडे लाडू कमी पडत होते.

२८ एप्रिल, पहाटे ४.३०

ठरवून उठलो. पंपाच्या खोलीत नाही, सरळ साळुबाईच्या दारात. म्हणायचं काय ते रात्री कागदावर लिहिलं होतं. मावशी, मी जागा होतो. एवढंच. पुढे: इथून पुढे रोज पहाटे तुमच्या गोठ्यापाशी उभा राहून गाईन, शेळी नवीन येईपर्यंत, आल्यावरही.

बांधावर पोचलो तर गाणं ऐकू आलं. माझ्या आधी कोण आलं, असं वाटलं. चांगदेव असणार.

चांगदेव नव्हता. गोठ्याच्या दारात टेप ठेवलेला, पोराने भोसरीहून आणून दिलेला, सेलवर चालणारा. गोकुळकडची कॅसेट. काकडा. साळुबाई एका हाताने गोठ्याचा कूड बांधत होती. गोठ्यात कोणी नाही, तरी बांधत होती.

मी कागद काढला. अंधारात दिसेना. म्हटलं, मावशी, त्या पहाटे मी...

“ठाव हाय,” ती म्हणाली. “खिडकीत उजेड व्हता तुमच्या.”

चार दिवस तिला माहीत होतं. पंचनाम्याला, सगळ्यांसमोर, मी गाढ झोपेचं सांगितलं तेव्हासुद्धा. वनरक्षक लिहीत होता, ती माझ्याकडे बघत होती, आणि गप्प राहिली. तर मौन असं असतं.

मी म्हटलं, उद्यापासून मी येतो. रोज. चुकायचो नाही.

ती कुडाची गाठ मारत होती. दातांनी दोरी ओढली. मग टेपकडे मान केली. म्हणाली, नगं अण्णा, तुमी झोपा. तुमचाच आवाज हाय ह्यात, गोकुळनं भरून दिला. जनावराला वळखीचा झालाय.

ती काही रागाने बोलत नव्हती. काढा आणून द्यायची तशाच आवाजात म्हणाली,

“टेपला पडसं व्हत न्हाई. आन हाक मारावी लागत न्हाई.”

गूळ-आलं दिलं. मी घेतलं. का घेतलं, कळत नाही.

२९ एप्रिल, पहाटे ४.३५

जाग आली. बांधापलीकडे मी गात होतो.

उठलो नाही. अंथरुणात पडून शेवटपर्यंत ऐकलं. २२ सेकंद, घड्याळ लावून. कॅसेटची बाजू संपली, टेप खट्कन बंद झाला. तेवढ्यात तिने ती उलटी करून परत लावली.

२२ सेकंद खरे, पण सा लागलेला नाही.